युरोपियन युनियन: दारं उघडी, पण चाव्या कुणाकडे?

राईनकाठची
नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होते, आज लिहायला निमित्त मिळालं ते मेथीच्या जुडीचं.

आम्ही केलला राहतो. जर्मनीचं अगदी काठावरचं गाव, राईन ओलांडली की फ्रान्सचं स्ट्रासबुर्ग. पुलावरून डी नंबरची ट्राम २०१७ पासून ये-जा करते. इकडची माणसं तिकडे चीज आणायला जातात, तिकडची इकडे शॅम्पू आणि सिगरेटी न्यायला येतात (फ्रान्समध्ये सिगरेट भयंकर महाग, त्यामुळे आमच्या गावात बघावं तिकडे तंबाखूची दुकानं). मी जाते मेथी, कढीपत्ता आणि ओल्या नारळासाठी. सीमा बिमा डोक्यातही येत नाही, कोथरूडहून मंडईत जाऊन आल्यासारखं.

तर परवा परत येताना केल स्टेशनला दोन पोलीस ट्राममध्ये चढले आणि कागद मागितले. माझं रेसिडन्स कार्ड दुसऱ्या पर्समध्ये, पासपोर्ट घरी कपाटात. पाऊण तास बाकावर बसवलं, नवरा कार्ड घेऊन धापा टाकत आला तेव्हा सुटका. पोलीस सभ्य होते, तक्रार नाही, चूक माझीच. त्यातल्या एकाने तर पिशवीत डोकावून हा पालक आहे का असंही विचारलं.

पण बसल्या बसल्या डोक्यात चक्र सुरू झालं. १६ सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने सगळ्याच जमिनीवरच्या सीमांवर तपासणी सुरू केलीय. कोरोनात तर मार्च २०२० मध्ये सीमा बंद झाल्यावर ट्राम नदीच्या पलीकडेच थांबायची, आमच्या वरच्या मजल्यावरची मुलगी आणि तिचा स्ट्रासबुर्गचा मित्र कित्येक आठवडे नुसते फोनवर. म्हणजे २७ देश, बऱ्याच जणांचं नाणं एक, कायदे बरेचसे एक, पण फौज वेगळी, टॅक्स वेगळे, आणि मनात आलं की दाराला कडी घालायची मुभा प्रत्येकाला. हे असं अर्धं एकत्र अर्धं वेगळं किती दिवस चालणार? एक तर नीट एक व्हा नाहीतर सरळ वेगळे राहा, असं मला वाटायला लागलंय. तुम्हाला काय वाटतं?

मिश्किल_मोरू
रुमाल टाकून ठेवतो. मेथीचं पुढे काय झालं?

कायद्याचं_बोला
ताई, आधी एक दुरुस्ती. आपल्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांनी शेंगेनमध्ये (म्हणजे आपसातल्या सीमांवरची तपासणी काढून टाकलेल्या देशांत) एका देशातून दुसऱ्या देशात जाताना पासपोर्ट आणि कार्ड दोन्ही जवळ ठेवायचं असतं, तपासणी असो वा नसो. आणि त्या कार्डावर तुम्ही पलीकडे मेथी आणू शकता, नोकरी करू शकत नाही, त्यासाठी फ्रान्सची वेगळी परवानगी लागते. मुक्त संचार हा मुळात तिथल्या नागरिकांचा हक्क आहे, आपण त्यांच्या मांडवाखालून जातो इतकंच.

आता मनात आलं की कडी घालायची म्हणालात त्याबद्दल. नियम तसा नाहीये. तात्पुरती तपासणी आणता येते पण कारण द्यावं लागतं, मुदत असते. २०१९ मध्ये एक गृहस्थ स्लोव्हेनियातून ऑस्ट्रियात शिरताना पासपोर्ट दाखवायला नाहीच म्हणाले. ३६ युरो दंड झाला. तो भरायचा सोडून गडी कोर्टात गेला, प्रकरण लक्झेंबर्गच्या युरोपियन न्यायालयापर्यंत पोचलं आणि एप्रिल २०२२ मध्ये निकाल लागला की खरोखरच नवा धोका उभा राहिल्याशिवाय सहा महिन्यांच्या पुढे तपासणी ओढत नेता येत नाही.

घाटावरचा_चहा
मग केली का बंद ऑस्ट्रियाने?

कायद्याचं_बोला
नाही. :-)
फ्रान्सची तर नोव्हेंबर २०१५ पासून चालू आहे. दर सहा महिन्यांनी नवीन कारण लिहून पाठवायचं. पुढे २०२४ मध्ये नियमच बदलला आणि मुदत वाढवून ठेवली.

आबा_सातारकर
छान विषय. मी आयुष्यभर बँकेत काढलं, त्यामुळे मला हे सगळं पैशाच्या अंगाने दिसतं.

आमच्या तरुणपणी जकात नाक्यावर ट्रकांच्या रांगा लागायच्या, ड्रायव्हर खाली उतरून स्टोव्हवर भाजी करून जेवून झोपून उठायचा तरी नंबर आलेला नसायचा. मुंबईची जकात गेली ती २०१७ मध्ये जीएसटी आल्यावर. म्हणजे एकच देश असून आपल्याला आतली दारं काढायला ७० वर्षं लागली. युरोपने ती वेगवेगळे देश असून काढली, हे आधी मान्य करा. १९८५ च्या जूनमध्ये पाच देशांनी शेंगेन नावाच्या लक्झेंबर्गमधल्या खेड्यात मोझेल नदीवर एका बोटीत बसून सह्या केल्या, आज त्यात २९ देश आहेत.

आता फरक. आपल्याकडे दार काढलं तेव्हा वर दिल्ली होती. दिल्ली गोळा करते आणि बिहारला जास्त, महाराष्ट्राला कमी वाटते, आपण कुरकुरतो पण चालतं. ब्रुसेल्सकडे, म्हणजे युनियनच्या मुख्यालयाकडे, काय आहे? सगळ्या युनियनचं बजेट म्हणजे सदस्यांच्या एकूण उत्पन्नाच्या साधारण १ टक्का. एवढ्याशा पैशात कोण कुणाचे अश्रू पुसणार? कुटुंब एकत्र, पण चुली वेगळ्या आणि पाकिटंही वेगळी. त्यात नाणं एक करून ठेवलंय. खरी मेख तिथे आहे, तुमच्या त्या ट्राममध्ये नाही.

चिंचपोकळी_एक्सप्रेस
प्रत्येक धाग्यावर एकत्र कुटुंबाची उपमा आलीच पाहिजे असा नियम आहे का इथे? आता सासू कोण सून कोण तेही येऊ द्या.

मिश्किल_मोरू
सासू जर्मनी. पगार तिचा, टोमणे तिचे, आणि फ्रिजवर लावलेली खर्चाची यादीही तिचीच.

तांडेल
आबांना अनुमोदन. मी मर्चंट नेव्हीत होतो, २०१५ च्या जुलैच्या सुरवातीला आमचं जहाज दुरुस्तीसाठी पिरियसला लागलं होतं, अथेन्सचं बंदर. ग्रीस कर्जात बुडालेला, बँका २९ जूनपासून बंद. एटीएममधून माणशी दिवसाला ६० युरो. त्यातही वीसच्या नोटा संपल्या की मशीन पन्नासचीच एक नोट टाकायची, म्हणजे ६० चे झाले ५०. सकाळी सातला रांग लागलेली असायची, म्हातारी माणसं घडीची खुर्ची घेऊन यायची.

ती मर्यादा परदेशी कार्डांना नव्हती. मला आधी माहीतच नव्हतं, मी सवयीने २०० टाकले आणि मशीनने खडखड करून दिले की. मागे एक आजोबा उभे होते, त्यांनी नोटा बघितल्या, मग माझ्या तोंडाकडे बघितलं. काही बोलले नाहीत. मी त्या बंदरावर होतो तोवर पुन्हा एटीएमला गेलोच नाही, कॅप्टनकडून उसने घेतले.

त्याच आठवड्यात, ५ जुलैला, तिथे सार्वमत झालं, ६१ टक्के लोकांनी कर्जासाठी घातलेल्या युरोपच्या अटींना नाही म्हटलं. रात्री लोक रस्त्यावर नाचत होते. आणि आठवडा-दीड आठवड्यात त्यांच्याच सरकारने जवळपास तशाच, काही बाबतीत जास्त कडक अटींवर होकार दिला. मग मत विचारलं कशाला? सार्वभौम म्हणजे नेमकं काय, हे मला तेव्हापासून कळेनासं झालंय.

घाटावरचा_चहा
तांडेलभाऊ, अनुभव चटका लावणारा आहे पण गोष्ट अर्धीच सांगितलीत. त्या आजोबांच्या सरकारने हिशेबात काय घोळ घातला होता? युरोत राहायचं तर सरकारी तूट देशाच्या उत्पन्नाच्या ३ टक्क्यांच्या आत आणि कर्ज ६० टक्क्यांच्या आत हे मास्ट्रिख्टच्या करारात १९९२ मध्येच लिहिलेलं. २००९ मध्ये नवीन सरकार आलं आणि सांगितलं की सॉरी, आधीचा आकडा खोटा, तूट १२ टक्क्यांच्या वर आहे. नंतर मोजली तर १५ च्याही वर निघाली. भिशीत एकाने असं केलं तर आपण त्याला काय म्हणतो?

तांडेल
मान्य. आता तुम्ही हेही सांगा की २००३ मध्ये तोच ३ टक्क्यांचा नियम जर्मनी आणि फ्रान्सने मोडला तेव्हा दंड किती झाला?

घाटावरचा_चहा
शून्य. ठीक आहे, एक गुण तुम्हाला.

आबा_सातारकर
भिशीचीच उपमा घ्यायची तर भिशीत निदान प्रत्येकाचा धंदा त्याच्या हातात असतो. ग्रीसकडे ड्राख्मा असता तर त्याची किंमत पडली असती, आयात महागली असती, पण पर्यटक स्वस्ताईने धावत आले असते, हळूहळू घडी बसली असती. नाणं सामाईक असल्यावर ते होत नाही, मग पगार आणि पेन्शन कापायचं तेवढं उरतं. २०१० पासून तीन बेलआउट (बुडत्याला वाचवायला दिलेली कर्जं) झाले, तरी त्या नाण्याचं दुखणं तसंच. कोरोनानंतर मात्र यांनी पहिल्यांदा एवढं मोठं कर्ज सगळ्यांच्या नावावर मिळून काढलं, ७५० अब्ज युरो. जर्मनी अशा गोष्टीला जन्मात हो म्हणेल असं मला वाटलं नव्हतं. म्हणजे हलतात, पण नाकातोंडात पाणी गेल्यावर.

ट्युलिप_आणि_तिखट
सगळे फारच गंभीर झालात, जरा गंमत ऐका. आमच्याकडे नेदरलँड्समध्ये बार्ले म्हणून गाव आहे, त्यात बेल्जियमचे तुकडे असे विखुरलेत की घरातून सीमा जाते. फुटपाथवर पांढऱ्या फुल्या, एका बाजूला एनएल आणि दुसऱ्या बाजूला बी. घर कुठल्या देशाचं ते पुढच्या दारावरून ठरतं, म्हणून लोकांनी सोयीप्रमाणे दार इकडचं तिकडे हलवलंय. मी कॉफी घेतली तेव्हा कप बेल्जियमला आणि चमचा हॉलंडात होता, नवऱ्याने फोटो काढून चार ग्रुपवर टाकला.

आता कोरोनात काय झालं बघा. बेल्जियमने दुकानं बंद केली, हॉलंडने चालू ठेवली. तिथल्या एका कपड्यांच्या दुकानाच्या मधून सीमा जाते, तर बेल्जियमच्या बाजूच्या अर्ध्या भागाला पट्टी लावून बंद आणि उरलेल्या अर्ध्यात विक्री चालू! अर्धं एकत्र अर्धं वेगळं म्हणजे हे, ताई.

मिश्किल_मोरू
म्हणजे शर्ट हॉलंडात मिळेल पण पँट लॉकडाऊनमध्ये.

बेळगावी_कुंदा
सीमा घरातून जाते यात नवल कसलं, आमच्याकडे या. १९५६ पासून

वेबमास्तर
बेळगावी_कुंदा, विषय जिव्हाळ्याचा आहे पण त्यावर ऑलरेडी तीन धागे चालू आहेत, कृपया तिकडे. इथले या विषयावरचे पुढचे प्रतिसाद उडवले जातील.

डब्लिनकर
सीमेचंच चाललंय तर आयर्लंडचं कुणी काढलं नाही म्हणून लिहितो. डब्लिनहून बेलफास्टला (ते उत्तर आयर्लंडमध्ये, म्हणजे ब्रिटनमध्ये) गाडीने जाताना सीमा कुठे आली ते कळत नाही, फक्त वेगमर्यादेच्या पाट्या किलोमीटरच्या मैल होतात. पण ज्यांनी जुने दिवस पाहिलेत ते सांगतात की त्याच रस्त्यावर सैनिकांचे मनोरे होते, बंदुका रोखून झडती व्हायची. १९९८ च्या शांतता करारानंतर ते गेलं, आणि ते जायला दोन्ही देश युनियनमध्ये असणं फार उपयोगी पडलं, कस्टमचा प्रश्नच नव्हता.

मग २०१६ चं ब्रेक्झिट, ब्रिटनने युनियन सोडायचा कौल दिला. लंडनमध्ये ५२-४८ च्या वादात या ५०० किलोमीटरच्या रेषेची आठवण आधी कुणालाच नव्हती, आणि नंतर तीन वर्षं त्याच रेषेवर गाडी अडली. तेव्हा आयर्लंडचे पंतप्रधान कोण? लिओ वराडकर. वडील मुंबईचे डॉक्टर, मूळ गाव मालवण तालुक्यातलं वराड. ऑक्टोबर २०१९ मध्ये बोरिस जॉन्सन आणि ते लिव्हरपूलजवळ एका हवेलीत भेटले आणि तिथून तोडगा निघाला, कस्टमची तपासणी जमिनीवर नको, समुद्रात म्हणजे बंदरावर करू. डिसेंबरात वराडकर वराडला जाऊनही आले.

आणि एक मजा, आयर्लंड युनियनमध्ये आहे पण शेंगेनमध्ये नाही. मी इथे आठ वर्षं राहतोय तरी पॅरिसला जायचं तर व्हिसा काढतो, बँक स्टेटमेंट, विमा, हॉटेल बुकिंग सगळं साग्रसंगीत. त्यामुळे राईनकाठची, तुमचा पाऊण तास मला काही फार वाटला नाही, सॉरी.

कुडाळची_पोर
वराड आमच्या शेजारी!! मालवणी माणूस मध्ये पडला की मिटतं म्हणून सांगते ना मी.

मडगांवकार
मालवणचं झालं, आता गोव्याचं ऐका मरे. आमच्याकडे १९६१ च्या डिसेंबरआधी जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगालमध्ये नोंद करून नागरिकत्व घेता येतं. माझ्या मावसभावाने आजोबांचा जुना पोर्तुगीजमधला जन्मदाखला शोधायला दोन वर्षं घालवली, अर्ध्या वाळवी खाल्लेल्या रजिस्टरात नाव सापडलं तेव्हा घरी लॉटरी लागल्यासारखा आनंद. आता विचारा पोर्तुगालला गेला का? एक दिवस नाही. पासपोर्ट लिस्बनचा, माणूस थेट इंग्लंडात स्विंडनला, वेअरहाऊसमध्ये. तिथे गोंयकारांची अख्खी वस्ती आहे.

आता इंग्रजांच्या बाजूने बघा. ब्रेक्झिटआधी तुमच्या देशात कोण येणार हे पोर्तुगालचा कायदा आणि गोव्याचं रजिस्टर ठरवायचं, तुम्हाला विचारणारा कुणी नव्हता. भावाचं भलं झालं, मला आनंद आहे, पण स्विंडनने ब्रेक्झिटच्या बाजूने मत दिलं तेव्हा मला धक्का बसला नाही. नागरिकत्व एकट्याने वाटायचं आणि दार सगळ्यांचं उघडायचं, ही फट सुरवातीपासून होती.

आणखी एक. या २७ जणांना एका टेबलावर बसवून सगळ्यांचा होकार मिळवायचं काम डिसेंबर २०२४ पासून कुणाकडे आहे? आंतोनियो कोश्ता, युरोपियन कौन्सिलचे अध्यक्ष. वडिलांचं घराणं आमच्या मडगांवचं, घर अजून आहे, घरचं नाव बाबूश. परराष्ट्र धोरण, टॅक्स, नवीन सदस्य, या सगळ्याला एकमत लागतं, एकाने मान हलवली की खेळ खलास. डिसेंबर २०२३ मध्ये युक्रेनशी सदस्यत्वाची बोलणी सुरू करायची होती, हंगेरीचे तेव्हाचे पंतप्रधान ओर्बान नाही म्हणत होते, शेवटी ठरावाच्या वेळी ते उठून खोलीबाहेर गेले आणि २६ जणांनी ठराव केला.

मिश्किल_मोरू
सोसायटीच्या मीटिंगमध्ये आमचे सेक्रेटरी देशपांड्यांना असंच लिफ्ट बघायला पाठवतात आणि तेवढ्यात पेंटिंगचा ठराव पास करतात. युरोप आपल्याकडूनच शिकला.

कायद्याचं_बोला
मडगांवकार, योगायोग बघा. युनियनचा कायदा देशाच्या कायद्याच्या वर, हे १९६४ च्या ज्या निकालाने ठरलं त्यातल्या पक्षकाराचं आडनावही कोस्ता, इटलीचा. सरकारने वीज कंपन्यांचं राष्ट्रीयीकरण केलं, हा मिलानचा वकील त्यातल्या एका कंपनीचा शेअरहोल्डर, रागाने १,९२५ लिऱ्यांचं विजेचं बिल भरेना. एवढ्याशा बिलावरून न्यायालय म्हणालं की तुम्ही सार्वभौमत्वाचा काही भाग कायमचा दिलाय, आता नंतर केलेल्या देशी कायद्याने तो परत घेता येणार नाही. मूळ करारात वरचढपणाचं हे वाक्य कुठेही नव्हतं! आणि आजही हे सगळे पचवू शकलेले नाहीत, जर्मनीच्या घटना न्यायालयाने मे २०२० मध्ये आणि पोलंडच्या न्यायालयाने २०२१ मध्ये आम्हाला हे जसंच्या तसं मान्य नाही असं लेखी सांगितलंय.

सावित्रीची_लेक
इतके प्रतिसाद झाले आणि निर्वासितांचा विषय कुणीच काढला नाही? दारावरचे पोलीस त्याच्यासाठी तर आलेत. डब्लिन नियम (डब्लिनकर, तुमच्या गावाचं नाव बदनाम आहे) साधारण असा की माणूस ज्या देशात पहिल्यांदा पाय ठेवेल त्या देशाने त्याचा अर्ज बघायचा. नकाशा बघा. बोट लागणार इटलीला नाहीतर ग्रीसला, ऑस्ट्रियाला समुद्रच नाही. म्हणजे बाहेरचं कुंपण सगळ्यांचं, राखायचं मात्र कडेच्या दोघातिघांनी. ते थकले की माणसांना पुढे जाऊ देतात, मग मधले देश आपापल्या दारात पोलीस उभे करतात.

२०१५ मध्ये ठरलं होतं की १ लाख ६० हजार लोक आपापसात वाटून घेऊ. मुख्य ठराव बहुमताने केला, चार देश विरोधात होते. प्रत्यक्षात हलवले गेले साधारण ३५ हजार. बहुमताने ठराव होतो, पण नको म्हणणाऱ्याच्या गळ्यात माणसं कशी घालणार? जून २०२४ मध्ये हंगेरीला आश्रयाचे नियम पाळले नाहीत म्हणून न्यायालयाने २० कोटी युरो दंड केला, वर रोजचे १० लाख. एकमत मागितलं तर काम होत नाही, बहुमत केलं तर लादलं म्हणतात. मूळ प्रश्नाचं उत्तर मला तरी इथेच अडलेलं दिसतं. आणि ताई, मला एक विचारायचंय, ट्राममध्ये किती लोक होते आणि पोलिसांनी कागद कुणाकुणाचे बघितले?

राईनकाठची
बाप रे, दोन दिवसांत एवढं! सगळ्यांचे आभार, तांडेलकाकांचे आजोबा डोक्यातून जात नाहीयेत.

सावित्रीची_लेक, नेमकं विचारलंत. डबा भरलेला होता. कागद माझे बघितले आणि दाराशी उभ्या असलेल्या एका आफ्रिकन मुलाचे. त्याच्याकडे सगळे कागद प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये नीट लावलेले होते, एका मिनिटात मोकळा झाला. उतरताना माझ्याकडे बघून जरा हसला, नवखी आहेस वाटतं, असं. मी पहिल्या पोस्टमध्ये हे मुद्दाम लिहिलं नव्हतं, रडगाणं वाटेल म्हणून.

माझं मत थोडं बदललंय. नीट एक व्हा म्हणणं सोपं आहे, पण एक झाले तर टॅक्स वाटून घ्यायला लागेल आणि ते माझ्या इथल्या शेजाऱ्यांना कुणी विचारलं तर कडी काय, कुलूप लावतील. आणि सरळ वेगळे राहा म्हटलं तर डब्लिनकरांचे ते मनोरे. वरच्या मजल्यावरच्या मुलीला विचारलं, ती म्हणाली वेगळं झालात तर मी पलीकडे राहायला जाईन. तिचं लग्न ठरलंय, त्याच मित्राशी.

मोरूभाऊ, मेथी पाऊण तासात मलूल झाली होती, लसणाची फोडणी देऊन डाळमेथी केली, कुणाला कळलं नाही.

आबा_सातारकर
डाळमेथीत शेंगदाणे घालता की नाही?

चिंचपोकळी_एक्सप्रेस
झालं. गेला धागा.

पहिलीच_फेरी
धागा वर काढतोय. माफ करा, जरा वेगळा प्रश्न, अर्जंट आहे. मे महिन्यात आईबाबांना घेऊन युरोपला जायचंय. पॅरिस २ रात्री, स्वित्झर्लंड ३, इटली ५. फ्रान्सच्या व्हिसाच्या तारखा मिळत नाहीयेत. इटलीचा व्हिसा काढून पॅरिसला उतरलं तर चालतं का? एकच युनियन आहे ना?

कायद्याचं_बोला
जिथे जास्त रात्री तिथला व्हिसा, म्हणजे तुमचा इटलीचाच काढायचा, उतरा कुठेही. पॅरिसला आता बोटांचे ठसे आणि फोटो घेतात, आईबाबांना रांगेची कल्पना देऊन ठेवा. आणि तिथून पुढे ट्रेनने जाताना पासपोर्ट बॅगेत तळाशी ठेवू नका, राईनकाठचींना विचारा.